एस-४०० ही लांब पल्ल्याची रशियन हवाई संरक्षण यंत्रणा असताना भारतीय हवाई दलाला 'आकाश'सारखी कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रं कशाला लागतात?

कारण पृथ्वी गोल आहे. एस-४००चा ४०० किलोमीटरचा पल्ला उंचावरून उडणाऱ्या मोठ्या लक्ष्यांसाठी, आणि तोही त्याच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा. जमिनीपासून ५० मीटरवरून येणारं क्रूझ क्षेपणास्त्र जमिनीवरच्या रडारला साधारण ४०-५० किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसतं. मध्ये डोंगर असेल तर त्याहूनही उशिरा. मग पल्ला कितीही असो, काय उपयोग? म्हणूनच आयएल-७६ विमानांवर बसवलेली फाल्कन रडारं आणि डीआरडीओचं 'नेत्र' हे रडारवाहू विमान यांना एवढं महत्त्व. ती वरून खाली पाहतात. (आपल्याकडे अशी विमानं फारच कमी आहेत. माझ्या मते खरी उणीव तिथे आहे, पण चर्चा मात्र राफेलचीच!)

दुसरं कारण पैशाचं. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र डागत राहिलं तर शत्रूचंच फावतं. त्यामुळे थर लावलेले असतात: एस-४००च्या आत सुमारे ७० किलोमीटर पल्ल्याचं एमआरसॅम क्षेपणास्त्र, मग २५-३० किलोमीटरचं आकाश, इस्रायली स्पायडर, आणि अगदी जवळ खांद्यावरून डागायचं इग्ला. कोणी कशावर मारा करायचा, हे रडारं आणि क्षेपणास्त्रं जोडणाऱ्या हवाई दलाच्या 'आयएसीसीएस' या नियंत्रण जाळ्यातून ठरतं.