चौल बंदर आणि घाटावरचा मुलूख : वाचकांचे प्रश्न

सोलापूरहून एक वाचक : चौल पोर्तुगीजांनी वसवले, असे वाचले. खरे का?

नाही. त्यांना निजामशहाकडून किल्ल्याची परवानगी मिळाली ती 1521 साली, आणि त्यांनी वसवले ते रेवदंडा. शेजारचे, अलिबागजवळचे चौल त्याआधी किमान चौदाशे वर्षे बंदर म्हणून नांदत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वाटाड्यात ते 'सेमिल्ला' म्हणून येते, कान्हेरीच्या दानलेखांत 'चेमुल', अरबांच्या लिखाणात 'सैमूर'.

बार्शीहून : तेर आमच्या जवळच. तिथला माल चौललाच जात असणार ना?

नकाशावर तेर ते चौल सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो, पण पहिल्या शतकापुरती ती रेघ चुकते. 'पेरिप्लस'प्रमाणे तेरचा (तगरचा) आणि पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोचला जाई. भडोच ते पैठण 20 दिवस, पैठणहून पूर्वेला तेर आणखी 10 दिवस. तेरहून मुख्यतः कापड निघे: जाडेभरडे पुष्कळ आणि तलमही. पैठणहून अकीक. महिनाभराचा हा वळसा कशासाठी? तोच ग्रंथ सांगतो की जवळच्या कल्याण बंदराची त्या काळी कोंडी झाली होती. तिथे ग्रीक जहाज शिरले तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई. घाटावर सातवाहन, भडोचला क्षत्रप (शक राजे), आणि भांडण बंदरांच्या जकातीवरून. झळ मात्र तेरच्या विणकरापर्यंत पोचणारच. समुद्रकाठचा मालही तेरला गोळा होई असे त्यात आहे, पण नेमका कोणता किनारा ते लिहिलेले नाही. तिथे चौलचे नाव आपल्या पदरचे घालू नये.

तेर आणि चौल यांचा धागा खरा जुळतो तो पुढे, शिलाहारांच्या काळात. चौलवर राज्य करणारे उत्तर कोकणचे शिलाहार 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने लावत. म्हणजे आपले मूळ ते तेरला सांगत. तेरचे लामतुरे संग्रहालय पाहिले नसेल तर चौलआधी ते पाहा. रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदके आणि हस्तिदंती मूर्ती पाहिल्यावर पुस्तकातला व्यापार डोळ्यांना दिसू लागतो.

अक्कलकोटहून : अरब व्यापारी चौलला राहत होते का? त्यांच्यावर हुकूम कोणाचा चाले?

राहत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या. अल-मसूदी हा अरब प्रवासी आणि इतिहासकार इ.स. 916 च्या सुमारास तिथे आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजार मुसलमान तो मोजतो. आकडा अंदाजाचा मानावा, पण वस्ती मोठी होती यात शंका नाही. त्यांचे आपसातले तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवी आणि त्या प्रमुखाला नेमी स्थानिक राजा. तो राजा मसूदीने 'जंज' म्हणून नोंदवला आहे. तोच शिलाहार झंझ. झंझाच्या वर राष्ट्रकूट, आणि त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गीच्या पलीकडचे मळखेड. अक्कलकोटकरांनी हे लक्षात ठेवावे : चौलच्या सावकाराचा बडा धनी तुमच्या शेजारी बसत होता.

जकातीची कल्पना खारेपाटणच्या ताम्रपटावरून येते. तो दक्षिण कोकणचा शिलाहार रट्टराज याचा, शके 930 म्हणजे इ.स. 1008 मधला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण (सोन्याचे नाणे) त्याने देवस्थानाला लावून दिला आहे.

पंढरपूरहून : जहाजे वर्षभर येत का?

नाही. 'पेरिप्लस'च्या काळी इजिप्तहून जुलैत निघायचे, सप्टेंबरात इथे लागायचे, डिसेंबर-जानेवारीत परतायचे. आधी पोचले तर भर पावसातला नैऋत्येचा वारा जहाज किनाऱ्यावर आपटतो आणि खाडीच्या तोंडावरच्या लाटांतून आत शिरता येत नाही. परतीचा ईशान्येचा वारा चुकला की पुढचे वर्ष इथेच.

सोलापूरहून : घोडे खरोखर चौलला उतरत?

हो. बहमनी काळात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. पाली, जुन्नर करत बिदरला, म्हणजे बहमनी राजधानीला, गेला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला होता. मध्यस्थीने परत मिळाला. दख्खनी फौजांना चांगले घोडे समुद्रमार्गेच मिळत, म्हणून बंदर हाती ठेवणे बिदरला भागच होते.

मोहोळहून : चौलला गेल्यावर काय पाहावे?

बहुतेकजण रेवदंड्याची तटबंदी पाहून परततात. ती पोर्तुगीज. जुने बंदर कुंडलिकेच्या खाडीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहे. जमिनीवर खापरे दिसतील. मऊ, पिवळसर मातीवर निळसर-हिरवी चकाकी असेल तर ते इराणी आखाताकडचे. आतून काळा, डांबरासारखा थर असेल तर आखातातून आलेल्या लांबट रांजणाचा तुकडा. इथे हमखास फसगत होते : चुलीवरच्या भांड्याची काजळी बाहेरून असते, हा थर आतून. तुकडा उचलून खिशात घालू नका. कोणत्या जागी, कोणत्या थरात सापडला यावरच त्याचा काळ ठरतो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.