आजोबांचं मूळ गाव 'अक्कलकोटकडचं' एवढंच माहीत आहे, वंशावळ शोधायला कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा सोलापुरात गिरणीत होते, जन्म 1930च्या आसपासचा, पणजोबांचं नाव माहीत आहे आणि आडनावावरून शोधताना काहीच हाती लागत नाही. लागणारही नाही. जुन्या नोंदींत बऱ्याचदा आडनावाचा पत्ताच नसतो. 'रामा बिन गोंदा' एवढंच, म्हणजे गोंदाचा मुलगा रामा. माणूस ओळखायचा तो गाव, बाप आणि जमिनीचा सर्व्हे नंबर यांवरून.

म्हणून आधी गाव पक्कं करा. आजोबा शाळेत गेले असतील तर तिथलं जनरल रजिस्टर बघा, जन्मस्थळाचा रकाना असतो. नसतील गेले, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'गाव कुठलं' असं विचारू नका. जत्रेला कुठं जायचा, सुतकाला भाऊबंद कुठून यायचे, असं विचारा. भराभर आठवतं.

मग ते गाव तेव्हा कुणाच्या मुलखात होतं ते बघा. आपल्याकडं हा घोळ मोठा आहे. सोलापूर इंग्रजांकडं, अक्कलकोट 1948पर्यंत भोसल्यांचं संस्थान, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडं. गाव हद्दीपलीकडचं निघालं तर जिल्हा धाराशिव आणि जुने कागद बहुधा उर्दूत. इकडचे मोडीत.

पण कागदांच्या मागं लागण्याआधी गावात हेळवी येतो का, याची चौकशी करा. शहरात वाढलेल्यांना हे माहीतच नसतं. सुगी झाली की तो बैल घेऊन येतो, ओसरीवर बसून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणतो, नवी जन्मलेली नावं वहीत घालून घेतो आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला लागतो. कुळं त्यांच्यात वाटून घेतलेली असतात, त्यामुळं तुमच्या घराण्याचाच हेळवी गाठावा लागतो. गिरणीसाठी शहरात गेलेल्या शाखेची नावं त्याच्या वहीत तुटलेली असू शकतात. गावात राहिलेल्या चुलत घराच्या नावानं विचारा. सरकारी दाखल्याला त्या वहीची किंमत किती ते सोडा, पण कुणाच्या नावानं दप्तर उघडायचं ते तिथं कळतं.

त्यानंतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. गाव नमुना 14, म्हणजे सगळे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचं, आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदी. कोतवाल बुकात बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख. फेरफार जास्त बोलका. खातेदार मयत झाला की वारसांची नावं लागतात, म्हणजे एकाच नोंदीत दोन पिढ्या. जमीन नव्हती तर मात्र फेरफाराची वाट बंद. अर्जात 'आमच्या घराण्याची माहिती मिळावी' असं मोघम लिहिलंत तर कारकून तो तसाच परत देईल, आणि त्याचं चूकही नाही. गाव, अंदाजे वर्षं, सर्व्हे नंबर लिहा.

पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंची घराणी नोंदवून ठेवणाऱ्या तिथल्या पुजाऱ्यांच्या, वह्याही बघा. घरात वारी असेल तर हमखास.

मोडीचा कागद मिळाला तर शेजारच्या पानांचेही फोटो घ्या, लिहिणाऱ्याचं वळण कळायला उपयोगी पडतं. आणि वाचून घेताना आपल्याला काय सापडायला हवंय ते वाचणाऱ्याला आधी सांगू नका.