रक्त आमचं, माहिती कोणाची?

प्रश्न: ताई नमस्कार. मी धडगाव तालुक्यातला, पावरा समाजाचा, बीए झालोय, गावातच असतो. मागे एका कॉलेजची टीम पाड्यावर आली, सिकलसेलसाठी म्हणून रक्त घेतलं आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून कुठल्या आजारावर कुठला पाला, कुठली मुळी देतात ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, इंग्रजी फॉर्मवर अंगठे घेतले आणि गेले. रिपोर्ट अजून नाही. आता दुसरी टीम येणारे. काही पोरं म्हणतात कोणालाच काही द्यायचं नाही. आम्ही नाही म्हणू शकतो का? आणि आधी नेलं त्याचं काय?

उत्तर: भाऊ, नाही म्हणू शकता, आणि त्यासाठी कोणाला कारणही द्यावं लागत नाही. पण एक आधी सांगते, सरकारी दवाखान्यातली सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून पोरांकडे येणाऱ्या या रक्ताच्या आजाराची, तपासणी थांबवू नका. २०२३ पासून आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी ती मोहीम चालू आहे आणि लग्नाआधी, बाळंतपणाआधी तो रिपोर्ट हातात असणं फार गरजेचं आहे. तपासणी वेगळी आणि संशोधन वेगळं, घोळ होतो तो दोन्ही एकाच सुईत उरकतात तेव्हा.

अमेरिकेत हेच झालंय. ॲरिझोनात ग्रँड कॅनियनच्या दरीत हवासुपाई नावाचा आदिवासी समाज राहतो, जेमतेम साडेसहाशे माणसं, आणि मधुमेहाने हैराण. १९९० पासून त्यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं, समजूत ही की मधुमेहावर काही निघेल. २००३ मध्ये त्यांच्यातलीच एक बाई तिथल्या एका पीएचडीच्या प्रेझेंटेशनला जाऊन बसली आणि तिला कळलं की त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झालाय, आपसातल्या लग्नांचा झालाय, आणि तुमचे पूर्वज आशियातून आले असंही लिहून झालंय, हा समाज तर मानतो की आपला जन्म याच दरीतला. कोर्टकज्जा झाला, २०१० मध्ये समझोता होऊन ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्त परत आलं. आता यातली मेख बघा, सह्या तर होत्या. फॉर्मवर वर्तनाच्या आणि वैद्यकीय आजारांची कारणं शोधणार असं मोघम लिहिलं होतं, त्यात काहीही बसतं.

म्हणून एकेकाच्या अंगठ्यावर हे काम सोडायचं नाही असं माझं ठाम मत आहे. तुमच्या रक्तात तुमच्या भावाची, मामाची, अजून न जन्मलेल्या पोरांचीही माहिती असते, मग एकट्याची परवानगी कशी पुरेल? कॅनडातल्या आदिवासींनी १९९८ मध्येच सांगितलं की आमच्या माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती बघायचा हक्क आणि तिचा ताबा, चारही समाजाकडे पाहिजेत. आपला २०२३ चा डेटा कायदा मात्र एकेका माणसाचाच विचार करतो, समाज त्यात कुठेच नाही.

तरी हात अगदी रिकामे नाहीत. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिची २०१७ ची नियमावली आहे, तिच्यात आदिवासी भागात संशोधन करायचं तर आधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विभागाची परवानगी, जाणत्या माणसांशी बोलून, तुमची भाषा येणाऱ्या माणसासोबत आणि साक्षीदारासमोर संमती, असं सगळं लिहिलंय. औषधी ज्ञानातून पुढे धंदा झाला तर त्यात समाजाचा वाटाही. केरळात काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून जीवनी नावाचं औषध निघालं, तेव्हा १९९५ मध्ये १० लाख लायसन्स फी आणि २ टक्के रॉयल्टी ठरली, दोन्हींचा अर्धा हिस्सा काणींसाठी. वनहक्क कायद्यातही पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केलाय.

तेव्हा दुसरी टीम यायच्या आत ग्रामसभा घ्या, तुमचा तालुका पेसात, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणाऱ्या कायद्यात, आहे, आणि ठराव करा: कशासाठी घेताय ते पावरीत सांगा, दुसऱ्या कामाला वापरायचं तर परत ग्रामसभेत या, उरलेल्या रक्ताचं काय करणार ते लिहून द्या, रिपोर्ट कधी देणार ती तारीख टाका. जुन्या टीमसाठी त्याच ठरावाची प्रत जोडून कॉलेजच्या एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधन नीतीने होतंय का ते बघणाऱ्या समितीला, पत्र टाका, रिपोर्ट मागा, रेकॉर्डिंगची कॉपी मागा, ज्यांना आपलं नाव काढून घ्यायचंय त्यांची यादी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न: मी एमएसडब्ल्यू करते, रायगडमधल्या एका कातकरी वाडीवर सर्व्हे केलाय. गाईड म्हणतात नावं काढून डेटा ऑनलाईन ओपन ठेव. ठेवू का?

उत्तर: अगं, तीसेक घरांच्या वाडीत नाव काढून काय लपतं? विधवा, तीन मुलं, वीटभट्टीवर जाते, इतकी उचल घेतलीय, एवढं लिहिलं की अख्खी वाडी ओळखते, आणि भट्टीचा मालक तर आधी ओळखतो. कर्ज, उचल, स्थलांतर हे कॉलम ओपन ठेवू नकोस, गाईडना हेच कारण सांग. बाकीचं काय ठेवायचं ते वाडीवर जाऊन, आकडे वाचून दाखवून विचार. आणि रेशनकार्ड नसलेली किती घरं निघाली, जातीचा दाखला नसलेली किती, याची मराठीतली एक यादी त्यांच्याच हातात दे, तहसीलला घेऊन जायला त्यांना उपयोगी पडेल.