पासबुकातला तिसरा रकाना

हडपसरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 54, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कंपनीत सुपरवायझर, हातात 68 हजार येतात. घरखर्च 40 हजार, गाडीचा हप्ता साडेनऊ हजार आणि तो पुढच्या वर्षी संपतोय. राहता फ्लॅट कर्जमुक्त. पीएफमध्ये 24 लाख, एफडीत 5 लाख. मार्च 2024 मध्ये बँकेतून एक विमा पॉलिसी घेतली: वर्षाला 1 लाख, 12 वर्षं भरायचे, 15 वर्षांनी 19 लाख मिळणार. तिसरा हप्ता या मार्चमध्ये आहे. भरू की बंद करू, एवढाच त्यांचा प्रश्न. पण पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: "मुलाच्या वाघोलीच्या फ्लॅटसाठी पीएफमधून 12 लाख देणार आहे. निवृत्तीनंतर वीस हजार पेन्शन बसेलच, त्यामुळे काळजी नाही."

विचारलेल्याचं उत्तर आधी. भरू नका. 12 लाखांचे 19 लाख ऐकायला मोठे वाटतात, पण दरसाल परतावा 5 टक्केही पडत नाही. हेच हप्ते पीपीएफच्या 7.1 टक्क्यांनी 15 वर्षांत साडेतेवीस लाखांपर्यंत जातात. आता बंद केलीत तर 2 लाखांपैकी साधारण 60 हजार परत येतील असं धरा. ते गेलेले पैसे सोडून फक्त पुढचा हिशेब मांडला तर परतावा साडेसहाच्या वर दिसतो, आणि "आता मधेच सोडू नका" हे तुम्हाला त्याच आधारावर सांगितलं जाईल. पण 2030 ला तुमचा पगार थांबतो आणि हप्ते 2035 पर्यंत आहेत. निवृत्त माणसाने लाख-लाखाचे पाच-सहा हप्ते कुठून भरायचे, हा प्रश्न 52 वर्षांच्या माणसाच्या गळ्यात ही पॉलिसी मारताना कुणाला पडला नाही, याची मला खरोखर चीड येते. सरेंडर व्हॅल्यू (आत्ता बंद केली तर हातात येणारी रक्कम) आणि पेडअप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता मुदतीअखेर मिळणारी कमी रक्कम) विमा कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या, बँकेतल्या माणसाकडून तोंडी नको.

आता न विचारलेलं. वीस हजारांचा आकडा तुम्ही कसा काढलात ते कळलं. शेवटचा बेसिक 42 हजार, गुणिले 34 वर्षं, भागिले 70, बरोबर 20,400. सूत्र बरोबर आहे, पगार चुकला. पीएफचं पासबुक उघडा. तुमचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि तिसरा रकाना पेन्शनचा. त्यात दरमहा 1,250 दिसतील, म्हणजे 15 हजारांचे 8.33 टक्के. बेसिक 42 हजार असो की 80, पेन्शन खात्यात 15 हजारांवरचंच जातं आणि सूत्रातही 15 हजारच धरतात. सप्टेंबर 2014 च्या आधी ही मर्यादा 6,500 होती, तेव्हा 541 रुपये जायचे, आणि त्या वर्षांची पेन्शन त्याच जुन्या मर्यादेने मोजतात.

तुमची नोकरी 1998 पासून. 2014 पर्यंतची 16 वर्षं 6,500 ने, सुमारे 1,500 रुपये. पुढची 16 वर्षं 15 हजारांनी, सुमारे 3,400. वीस वर्षांवर सेवा झाली म्हणून 2 वर्षं वाढीव, त्याचे चारशे-साडेचारशे. एकूण 5,300. महागाईभत्ता नाही, आणि तुमच्या मागे पत्नीला निम्मी. पूर्ण पगारावरच्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांच्या अर्जांची मुदत 11 जुलै 2023 ला संपली, आणि तुम्ही अर्ज केल्याचं पत्रात कुठे नाही.

यात आणखी एक खाच आहे. 2007 मध्ये कंपनी बदललीत तेव्हा फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढले होते का? काढले असतील तर आधीची नऊ वर्षं पुसली गेली आणि पेन्शन साडेचार हजारांवर येते. ही सेवा जोडलेली आहे की नाही ते गोळीबार मैदानाजवळच्या पीएफ कार्यालयात आत्ताच पाहून घ्या, 58 व्या वर्षी नव्हे.

आता घर चालवून पाहू. आजचे 40 हजार 6 टक्के महागाईने 2030 ला 50 हजार होतात. पेन्शन वजा जाता वर्षाला 5.4 लाख स्वतःच्या साठ्यातून. पीएफ तोवर 38 लाख, ग्रॅच्युइटी आताच्या कंपनीतल्या 23 वर्षांची साडेपाच लाख, एफडी धरून 50 लाख. व्याज 7 टक्के धरलं तर हे जेमतेम साडेनऊ वर्षं पुरतं. मुलाला 12 लाख दिलेत तर निवृत्तीच्या वेळी साडेसोळा लाख कमी पडतील आणि पैसा तुमच्या पासष्टीतच संपेल. पत्नी तेव्हा 61 वर्षांच्या असतील.

म्हणून ते 12 लाख देऊ नका. मुलाला कर्ज मिळतं, फेडायला त्याच्यापुढे तीस वर्षं आहेत. निवृत्तीसाठी कर्ज देणारी बँक नाही. त्याला पासबुक दाखवा आणि आकडे पुढ्यात ठेवून बोला. वाईट वाटेल, पण पासष्टीत त्याच्याकडे महिन्याचे पैसे मागण्यापेक्षा आज नाही म्हणणं दोघांनाही सोपं आहे.

वाचलेला हप्ता आणि उरणारा पगार व्हीपीएफमध्ये, म्हणजे पगारातून स्वेच्छेने कापून घेतलेल्या जादा पीएफमध्ये घाला, आत्ता महिन्याला 15 हजार, गाडीचं कर्ज फिटल्यावर 25 हजार. तिथे सव्वाआठ टक्के मिळतात. एचआरला मार्चमध्येच लेखी द्या, कारण बऱ्याच कंपन्या हा बदल फक्त एप्रिलमध्ये घेतात. चार वर्षांत त्याचे 11 लाख होतील. 58 नंतर पाच वर्षं 25-30 हजारांचं काम मिळवलंत, तर साठा त्र्याहत्तरीपर्यंत जातो. त्यापुढे राहता फ्लॅट विकून लहान घरात जायची तयारी ठेवावी लागेल. हे गोड करून सांगता येत नाही.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. तुम्हाला शुगर आहे असं लिहिलंत, तर दोघांची स्वतंत्र पॉलिसी याच वर्षी घ्या आणि फॉर्मवर शुगर नोंदवा. आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं असते, आज घेतलीत तर निवृत्तीआधी ती संपून जाते. लपवलंत तर ऐनवेळी क्लेम नाकारतील.

पीएफ-ग्रॅच्युइटी हातात आली की तीन महिन्यांच्या आत पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. साठ पूर्ण नसले तरी निवृत्त झालेल्याला 55 नंतर ते उघडता येतं. 30 लाखांवर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 मिळतात. 58 नंतर काम चालू असेल तर पेन्शन लगेच घेऊ नका. साठपर्यंत थांबलात तर ती वर्षाला 4 टक्क्यांनी वाढते.