पझल क्वेस्टमध्ये संगणक खरोखर फसवतो का?

आपण विचारले आहे की, पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘पझल क्वेस्ट : चॅलेंज ऑफ द वॉरलॉर्ड्स’ हा खडे जुळवून लढण्याचा खेळ खेळताना एकाच ऑगरकडून, म्हणजे खेळातल्या एका राक्षसाकडून, आपण लागोपाठ चार वेळा हरलात, आपली खेळी झाली की वरून कामाचे काहीच पडत नाही आणि त्याची खेळी आली की कवट्यांमागून कवट्या जुळत जातात, तेव्हा हा खेळ फसवतो का आणि सुरुवातीला वॉरियर हे पात्र निवडले हीच चूक झाली का. माझ्या मते खेळ फसवत नाही आणि वॉरियर सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचेही कारण नाही. मात्र आपली शंका मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती मलाही आली होती. २००७ साली हा खेळ बाहेर आल्यापासून जगभरच्या खेळाडूंनी ती इतक्यांदा बोलून दाखवली, की खेळाचे कर्ते स्टीव्ह फॉकनर यांना संगणक लबाडी करत नाही असा खुलासा जाहीरपणे करावा लागला.

शंका इतक्या जणांना का येते, याचे कारण या खेळाच्या घडणीतच आहे. फॉकनर हे ऑस्ट्रेलियाचे. ‘वॉरलॉर्ड्स’ या त्यांच्या जुन्या युद्धखेळांच्या मालिकेतले जग त्यांनी घेतले आणि त्यातली लढाई ‘बिज्वेल्ड’सारख्या खडे जुळवण्याच्या पटावर आणून ठेवली. पट आठ बाय आठचा. खड्यांचे चार रंग, शिवाय कवट्या, नाणी आणि जांभळे तारे, असे सात प्रकार. रंगीत खड्यांतून मंत्रांसाठी लागणारी शक्ती जमते, नाण्यांतून सोने, ताऱ्यांतून अनुभव, आणि कवट्या जुळल्या की समोरच्यावर थेट घाव बसतो. शेजारचे दोन खडे अदलाबदल करून तीन एका ओळीत आणायचे, इथवर सगळे ‘बिज्वेल्ड’च आहे. पण तिथे आपण एकटे खेळतो, म्हणून आपल्या खेळीनंतर वरून जे पडेल ते आपलेच असते. इथे पट एकच आणि खेळणारे दोन. आपली खेळी संपून खडे स्थिरावले, की समोर राहिलेला पट प्रतिस्पर्ध्याचा असतो. थोडक्यात, आपण दर खेपेला आपल्या हाताने त्याच्यासाठी दान टाकत असतो आणि खेळाची सवय जुन्या पद्धतीची असल्याने ते आपल्या लक्षात येत नाही.

मला हे ज्या लढाईत उमगले, ती नीट आठवते. डावीकडून चौथ्या उभ्या रांगेत लाल खडे वरून पाचव्या, सहाव्या आणि आठव्या घरात होते, सातव्यात हिरवा होता. खालचे दोन अदलाबदल केले की तीन लाल एकाखाली एक येत होते, आणि मला लाल शक्ती हवी होती, म्हणून मी क्षणाचाही विचार न करता ती खेळी केली. तिन्ही लाल गेले आणि त्यांच्या वरचे चार खडे तीन-तीन घरे खाली आले. त्यांत तिसऱ्या घरात एक कवटी होती, ती सहाव्या घरात जाऊन बसली. त्याच आडव्या ओळीत पाचव्या आणि सातव्या उभ्या रांगेत दोन कवट्या आधीपासून होत्या. प्रतिस्पर्ध्याने सातव्या रांगेतली कवटी एक घर डावीकडे सरकवली, तीन कवट्या जुळल्या आणि माझे पात्र, नाइट, कोसळले. त्या वेळी मी ‘ही शुद्ध लबाडी आहे’ असे म्हणून यंत्र बाजूला ठेवले. रात्री शांतपणे पुन्हा विचार केला तेव्हा कळले, की वरून नवीन पडलेल्या खड्यांचा त्या घावाशी काही संबंधच नव्हता. तो सगळा मामला खेळीच्या आधीपासून माझ्या डोळ्यांसमोर मांडलेला होता.

म्हणून आपल्याला माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा आहे, की खेळी करण्यापूर्वी ती पटाच्या कोणत्या उंचीवर आहे हे पाहावे. अगदी वरच्या आडव्या ओळीत तीन जुळवले तर फक्त तीन नवे खडे येतात, खालचा एकही हलत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती काय लागेल याचा अंदाज बराचसा पक्का राहतो. तळाशी आडवे तीन जुळवले तर तीन उभ्या रांगा एकेक घर खाली सरकतात. तळाशी उभे तीन जुळवले तर एकच रांग सरकते, पण तीन घरे. जितके खाली जाल तितकी उलथापालथ मोठी. ती आपल्या फायद्याचीही ठरू शकते, पण आपले प्राण थोडे उरले असताना आणि पटावर कवट्या विखुरलेल्या असताना तळाला हात लावणे म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणे आहे.

आता वरून पडणाऱ्या खड्यांविषयी, कारण आपला मुख्य आक्षेप त्यांच्यावर आहे. सातही प्रकार सारख्याच शक्यतेने पडतात असे धरले, तर पटावर दोन कवट्या तिसरीची वाट पाहत असताना नेमक्या त्या जागी कवटीच पडण्याची शक्यता सातात एक, म्हणजे फाशावर हवा तो आकडा पडण्याहून किंचितच कमी. अशा तीन जागा वाट पाहत असतील, तर त्यांपैकी निदान एकीत कवटी पडण्याची शक्यता तीनात एकाहून थोडी अधिक होते. म्हणजे आपल्याला चमत्कार वाटणारी गोष्ट दर लढाईत अनेकदा घडणे हेच स्वाभाविक आहे. मी दोन आठवडे एका वहीत दोन रकाने आखून, माझ्या खेळीत आपोआप झालेल्या जुळण्या आणि संगणकाच्या खेळीत झालेल्या, अशी नोंद ठेवली होती. रकाने जवळपास बरोबरीने भरत गेले. नंतर मी तिसरा रकाना काढला, मला न दिसलेल्या चारच्या जुळण्यांचा. तो सर्वांत भराभर भरला, आणि त्यानंतर मी फसवणुकीचा विचार करणे सोडून दिले.

चार किंवा पाच खडे एका ओळीत जुळले की आणखी एक खेळी मिळते. माझ्या अनुभवात संगणक अशी संधी क्वचितच सोडतो, आणि आपण माणसे ती सर्रास सोडतो, कारण आपली नजर हव्या असलेल्या रंगावर खिळलेली असते. खेळी करण्याआधी पट एकदा फक्त चारच्या जुळण्यांसाठी आणि दुसऱ्यांदा फक्त कवट्यांसाठी पाहण्याची सवय लावून घ्यावी. आपल्याला अशी जुळणी घेता येत नसेल तर निदान प्रतिस्पर्ध्याची मोडावी. समोरच्याचा मंत्र भरत आला असेल, तर त्याला लागणारा रंग आपल्याला निरुपयोगी असला तरी उचलावा. ही खेळी वाया गेली असे वाटते, पण बहुतेक लढाया अशाच खेळ्यांनी वाचतात.

आणखी एक बाब लबाडी म्हणून पाहिली जाते. एखाद्या रंगावरचे प्रभुत्व वाढलेले असेल, तर त्या रंगाची साधी तीनची जुळणीसुद्धा कधी कधी जादा खेळी देऊन जाते. हा लाभ राक्षसांना मिळतो तसा आपल्यालाही मिळतो, फक्त त्यासाठी पातळी वाढल्यावर मिळणारे गुण विचारपूर्वक वाटावे लागतात. वॉरियरच्या बाबतीत मी ते आधी ‘बॅटल’ या कौशल्यात घालीन, कारण त्याने कवट्यांचा घाव वाढतो. थोडे ‘कनिंग’मध्येही घालावे, कारण पहिली खेळी कोणाची हे त्यावर ठरते, आणि भरलेल्या पटावर पहिली खेळी मिळणे फार मोलाचे असते.

ज्या भागाकडे बहुतेक नवे खेळाडू वळतच नाहीत, त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. आपल्या बालेकिल्ल्यात तळघर बांधले, की एकाच प्रकारच्या प्राण्याला तीनदा हरवल्यानंतर त्याला कैद करण्याची संधी मिळते. ही कैद लढाईने होत नाही. समोर ठरावीक खड्यांचा एक पट येतो आणि तो एकही खडा न उरता रिकामा करायचा असतो. वरून नवे काहीच पडत नाही, म्हणजे नशिबाचा भाग शून्य. कोणती जुळणी आधी आणि कोणती नंतर, एवढाच प्रश्न. पहिली काही कोडी सोपी असतात, पुढची मी कागदावर चौकटी आखून सोडवली आहेत. खडे सरकल्यावर पट कसा दिसेल हे मनात उभे करण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. शिवाय मनोरा बांधलेला असेल, तर कैद केलेल्या प्राण्यांकडून त्यांचे मंत्र शिकता येतात. हा खेळ मला इतकी वर्षे जवळचा वाटतो त्यामागे ही कोडीच आहेत. मला जसे जमले तसे आपल्यालाही जमेल, अशी माझी खात्री आहे.

आपल्या ऑगरपुरते बोलायचे, तर तूर्त त्याला बाजूला ठेवून आसपासच्या दुबळ्या प्राण्यांशी दोन-तीन लढाया कराव्यात. हरलो तरी त्या लढाईत गोळा केलेले सोने आणि अनुभव आपल्याकडे राहतात, त्यामुळे आधीच्या चार पराभवांतले काही वाया गेलेले नाही. मग त्याच्याकडे परत जाल तेव्हा पहिल्या काही खेळ्या शक्यतो वरच्या तीन ओळींतच करून पाहाव्यात, आणि काय अनुभव आला ते इथेच कळवावे.