बसलेली गाय आणि सुयांचा उपचार

प्रश्न : आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय तिसऱ्या वेताला व्यायली. वासरू मोठे असल्याने चौघांनी ओढून काढावे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाय बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी दोन वेळा कॅल्शिअमची सलाईन दिली. आता ती वैरण खाते, रवंथ करते, उठायचा प्रयत्नही करते, पण मागचा भाग उचलत नाही. आज चौथा दिवस आहे. एका नातेवाइकांनी ॲक्युपंक्चर करणारे पशुवैद्यक सुचवले आहेत. चालू उपचार थांबवून त्यांना बोलवावे का? (एक वाचक, ता. संगमनेर)

उत्तर : चालू उपचार थांबवू नका. त्यांच्या जोडीला सुया लावून घेण्यास माझी हरकत नाही, परंतु त्याआधी गाय नेमकी कशामुळे उठत नाही, हे ठरले पाहिजे. आपण ओघात लिहिलेले ‘ओढून काढावे लागले’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मोठे वासरू कमरेच्या हाडांच्या कड्यातून ओढले जाताना मागच्या पायांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. त्यात कॅल्शिअम उतरून गाय कठीण फरशीवर सहा ते बारा तास एकाच कुशीवर बसून राहिली, तर तिच्याच वजनाखाली मांडीच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग रक्तातील कॅल्शिअम पूर्ववत झाले तरी पाय साथ देत नाहीत. खुरांमधील कातडीला चिमटा काढल्यावर ती पाय ओढून घेते का, खुब्याचा सांधा निखळला आहे का, रक्तात फॉस्फरस किती आहे, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आता सुयांविषयी. पाठीच्या कण्यावरून शेपटीकडे हात फिरवत गेल्यास कंबर आणि माकडहाड यांच्या सांध्यावर एक खळगा लागतो. चिनी पद्धतीत त्या बिंदूला ‘बाय हुई’ म्हणतात आणि मागच्या पायांच्या अशक्तपणात तेथे व मांडीवरील काही बिंदूंवर सुया लावून कधी कधी त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडतात. यामुळे शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. वेदना कमी झाल्या तर गाय उठण्याचा प्रयत्न अधिक नेटाने करील, इतकी आशा रास्त आहे. निखळलेला खुबा मात्र सुईने बसत नाही आणि घटलेले फॉस्फरसही भरून येत नाही. प्राण्यांवरील ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांचा एक पद्धतशीर आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही आजारासाठी ही पद्धत सुचवावी किंवा नाकारावी, असा ठाम पुरावा त्यात आढळला नाही. शिवाय अशा गायींपैकी काही केवळ चांगल्या शुश्रूषेने उठतात, म्हणून ‘सुया लावल्या आणि गाय उठली’ या गावगप्पेवरून फारसे काही सिद्ध होत नाही. (दुखऱ्या पायाला डाग दिल्यावर बैल चालू लागल्याच्या कथाही आपण अशाच ऐकत आलो आहोत, सुया निदान बैलाची कातडी जाळत नाहीत.)

खरे काम गोठ्यातच आहे. गाय फरशीवरून मातीच्या जागेवर घ्या आणि खाली उसाच्या पाचटाचा वीतभर थर द्या. तो ओला झाला की बदला. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, तिची कूस बदला. पाय फाकत असतील तर मागचे दोन्ही पाय खुरांच्या वरच्या सांध्यापाशी मऊ पट्ट्याने, मध्ये दोन-अडीच फूट अंतर ठेवून बांधा. चाऱ्यापाण्याची पाटी तोंडापाशी ठेवा, धार काढत राहा. सुया लावणारे डॉक्टर येणार म्हणून कोणी रात्रीची कूस बदलायचे विसरले, तर त्या उपचाराने फायद्यापेक्षा तोटाच केला असे समजा.

बोलवायचे ठरल्यास ती व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्यक असल्याची खात्री करा, दोन्ही डॉक्टरांचे फोनवर बोलणे घडवून आणा आणि सुया नव्या, निर्जंतुक असाव्यात असा आग्रह धरा, कारण ॲनाप्लाझ्मासारखे रक्तातील आजार एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरल्याने पसरतात. सुयांचा अंश दुधात उतरत नाही. वेदनाशामक इंजेक्शननंतर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका.

प्रश्न : जन्मलेले वासरू श्वास घेत नसेल तर नाकावर सुई टोचतात, हे खरे आहे का? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : होय. दोन नाकपुड्यांच्या मधोमध असलेल्या बिंदूवर सुई टोचल्याने श्वासाला चालना मिळते असे मानले जाते आणि काही पशुवैद्यक ती युक्ती वापरतात. आपण मात्र सुई शोधत बसू नका. नाकातोंडातील चिकटा बोटाने काढा, वासराला छातीवर बसवा, नाकपुडीत स्वच्छ काडी फिरवा, डोक्यावर थंड पाणी ओता आणि कोरड्या गोणपाटाने बरगड्या जोरात चोळा. काडीने वासरू शिंकले, की पुढचा श्वास बहुधा ते आपणहून घेते.