निसर्गातील नक्षीवरून रचना करताना पहिली पावले

दागिना, दिवा आणि इमारत असे सर्व एकदम हाती घेण्याऐवजी आरंभी एकच नक्षी निवडावी आणि ती तशी का घडते, हे समजून घ्यावे. सूर्यफुलाच्या चकतीत प्रत्येक नवी कळी आधीच्या कळीपासून सुमारे १३७.५ अंशांवर उगवते, म्हणूनच तेथे बहुधा एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ अशी वळणे मोजता येतात. हा नियम एकदा हाताने कागदावर उतरवला, की गळ्यातला लोलक असो वा जाळीदार दिवा, रचना आपोआप सुचू लागते.

नवशिक्यांच्या चुका प्रामुख्याने दोन:

- पानाची बाह्यरेषा गिरवणे आणि मुख्य शिरेपासून बारीक होत जाणारे शिरांचे जाळे न पाहणे.
- कर्णफुलातील नक्षी जशीच्या तशी छतावर नेणे. सर्व मापे दुप्पट केल्यास वजन आठपट होते, भार पेलणाऱ्या आधाराच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच होते.

संगणकावरील आरेखन तूर्त बाजूला ठेवावे.